चरबीच्या पेशींवर ए-१ औषध तपासताना

हृदयाचे ठोके एकाएकी मिनिटाला पावणेदोनशे-दोनशेवर गेलेला रुग्ण आला की डॉक्टर बरेचदा शिरेतून ६ मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन झटक्यात देतात. गुण आला नाही तर १२. मॉनिटरवरची रेघ काही क्षण सपाट होते, नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो, आणि मग ठोके नीट लयीत पडू लागतात. हे काम हृदयातल्या ए-१ रिसेप्टरचं, म्हणजे पेशीच्या अंगावरच्या, अ‍ॅडेनोसिन धरणाऱ्या प्रथिनाचं. हाच रिसेप्टर चरबीच्या पेशीवरही असतो, पण तिथे तो साठवलेली चरबी फुटू देत नाही. रक्तातली चरबी उतरवणारं ए-१ औषध शोधायचं म्हणजे चरबीतला रिसेप्टर जागा करायचा आणि हृदयातल्या त्याच्याच जुळ्या भावाला झोपू द्यायचं. नागपुरात, अमरावती रोडवरच्या एका प्रयोगशाळेत अशा संयुगांची तपासणी करताना जे हाताखालून गेलं, ते इथे पायरीपायरीने मांडत आहोत. हे काम नव्याने सुरू करणाऱ्यांचे दोन-चार महिने वाचावेत, एवढ्यासाठी.

आधी यामागची साखळी. उपाशी असताना किंवा ताण आला की नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चरबीच्या पेशीला गाठतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यातून लायपेज एन्झाइम कामाला लागतात आणि साठवलेलं ट्रायग्लिसराइड फुटून फॅटी अ‍ॅसिड आणि ग्लिसरॉल बाहेर पडतं. फॅटी अ‍ॅसिड रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत त्याचं पुन्हा ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलच्या, म्हणजे चरबी वाहून नेणाऱ्या कणांच्या, रूपात रक्तात सोडतं. ए-१ रिसेप्टर जी-आय प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपी तयार करणारं एन्झाइमच आवरतो. नळ वरूनच बंद होतो. अ‍ॅडेनोसिनमुळे चरबी फुटणं मंदावतं हे व्हिन्सेंट डोल यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. चरबीच्या पेशी कोलॅजिनेजने, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारे धागे कापणाऱ्या एन्झाइमने, सुट्या करण्याची पद्धत मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये दिली. पुढे जी प्रथिनांच्या कामासाठी त्यांना १९९४ चं नोबेल मिळालं. आज आम्ही जे करतो त्याचा गाभा अजूनही रॉडबेल यांचाच आहे.

या कुळातलं सगळ्यात शिकण्यासारखं संयुग म्हणजे सीव्हीटी-३६१९. अमेरिकेतल्या सीव्ही थेराप्युटिक्सने ते काढलं. २००९ मध्ये ती कंपनी गिलियडने घेतली आणि संयुगाला जीएस-९६६७ हे नाव मिळालं. ते आंशिक अ‍ॅगोनिस्ट आहे, म्हणजे रिसेप्टरला पूर्ण जोराने चेतवत नाही. चरबीच्या पेशीवर ए-१ रिसेप्टर गरजेपेक्षा खूप जास्त असतात, त्यामुळे अर्ध्या जोरानेही तिथे काम भागतं. हृदयात तेवढी शिल्लक नसते, म्हणून तिथे अर्धा जोर कमी पडतो. सगळी आशा या शिल्लकीवर उभी आहे. निरोगी आणि लठ्ठ स्वयंसेवकांना ते तोंडाने देऊन रक्तातलं फॅटी अ‍ॅसिड मात्रेनुसार उतरल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. बाजारात मात्र ते आलेलं नाही. हे सगळं अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

आता कामाकडे. या तपासणीत एक गोष्ट कळली की बाकी सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो: चरबीच्या पेशी स्वतःच अ‍ॅडेनोसिन सोडतात. आपण जे औषध तपासायला बसलो आहोत त्याच जातीचा पदार्थ नळीत आधीच हजर असतो. पेशी जितक्या दाट, जितक्या फुटलेल्या, तितकं ते जास्त. नवख्या माणसाचा पहिला प्रयोग हमखास असा जातो: नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारखं चरबी फोडायला लावणारं आयसोप्रिनॅलिन घातलं तरी ग्लिसरॉल फारसं वाढत नाही, वरून औषध घातलं तरी काही हलत नाही, आणि निष्कर्ष निघतो की औषध निकामी आहे. औषधात काही दोष नसतो. रिसेप्टर आधीच भरलेले असतात.

त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज हे एन्झाइम. ते अ‍ॅडेनोसिनचं आयनोसिन करतं आणि आयनोसिनचा ए-१ वर प्रभाव पडत नाही. प्रत्येक नळीत मिलिलिटरला १ युनिट या हिशेबाने ते घालायचं. यात दोन खड्डे आहेत. पहिला असा की तुमचं नवं संयुगच हे एन्झाइम खाऊन टाकत असेल. एन-६ जागेवर मोठा गट असलेली संयुगं, जसं ए-१ ला पूर्ण जोराने चेतवणारं सायक्लोपेंटिलअ‍ॅडेनोसिन म्हणजे सीपीए, किंवा सीव्हीटी-३६१९, ही सुरक्षित राहतात. ती जागा मोकळी असलेलं संयुग असेल तर आधी ते एन्झाइमसोबत ठेवून २६५ नॅनोमीटरवर शोषण घसरतं का ते अर्धा तास बघा. घसरलं तर ही पद्धत त्या संयुगासाठी नाही.

दुसरा खड्डा फार महागात पडतो. हे एन्झाइम दोन रूपांत मिळतं, अमोनियम सल्फेटमध्ये किंवा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये. आम्ही मोजतो काय, तर ग्लिसरॉल! गणित करून बघा. शुद्ध ग्लिसरॉल सुमारे १३.७ मोलर, त्याचं निम्मं ६.८ मोलर. बाटलीतलं एन्झाइम हजार पट पातळ करून नळीत घातलं तरी नळीत ६.८ मिलिमोलर ग्लिसरॉल गेलं. पेशी तासाभरात जे सोडतात ते मायक्रोमोलरच्या शेकड्यात असतं. म्हणजे ज्या पेशींचा आवाज ऐकायचा त्यांच्या पन्नासेक पट गोंगाट आपणच ओतला. रीडिंग सगळीकडे सारखंच, वर चिकटलेलं दिसतं आणि ग्लिसरॉल मोजायचं किट खराब आहे असं वाटून नवं किट मागवलं जातं. ऑर्डर देतानाच अमोनियम सल्फेटवालं लिहून द्या, बाटली आली की लेबल वाचा. तेही वापरण्याआधी हळू सेंट्रीफ्यूज करून, वरचा द्रव काढून, बफरमध्ये विरघळवून घ्यावं. हे रूप गोठवायचं नसतं, २ ते ८ अंशांत ठेवायचं. मे महिन्यात कुरिअरची पेटी मुंबईहून येते तेव्हा जेल पॅक बहुतेक वेळा पाणी झालेले असतात. पेटी आल्या दिवशीच एका नळीत अ‍ॅडेनोसिन घेऊन एन्झाइमची ताकद तपासा आणि बाटलीवर तारीख टाका.

ग्लिसरॉल चोरून येण्याच्या वाटा आणखी आहेत. हात धुण्याचा साबण, हाताला लावायचं क्रीम, काही सिरिंज फिल्टर. फिल्टरची पडदी वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन असतं. पहिले ५ मिलिलिटर टाकून द्यावेत, आणि बफरचा ब्लँक, म्हणजे पेशींशिवायच्या नुसत्या बफरचं रीडिंग, रोज वाचावा. ब्लँक चढला तर त्या दिवशी प्राण्याला हात लावायचा नाही.

बफरची कृती अशी. एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड ७.०१ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.८४ ग्रॅम, हेपेस ७.१५ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.१५ ग्रॅम. कॅल्शियम शेवटी, वेगळ्या पाण्यात विरघळवून, हलवत हलवत. आधी घातलं तर फॉस्फेटसोबत गढूळ होतं आणि मग ते कितीही हलवलं तरी स्वच्छ होत नाही. यात अल्ब्युमिन घालायचं, पेशी सुट्या करताना १ टक्का, प्रत्यक्ष मोजणीच्या नळ्यांत २ टक्के. ते फॅटी अ‍ॅसिडमुक्तच हवं. बाहेर पडलेलं फॅटी अ‍ॅसिड अल्ब्युमिन धरून ठेवतं; अल्ब्युमिन कमी पडलं तर साचलेलं फॅटी अ‍ॅसिड पेशीलाच गप्प करतं आणि तो परिणाम औषधाच्या खात्यावर जमा होतो. अल्ब्युमिनची पूड बफरवर भुरभुरून तशीच फ्रिजमध्ये रात्रभर सोडा. ढवळलं की फेस, आणि फेसातलं प्रथिन वाया. सकाळी पीएच पुन्हा ७.४ वर आणा, कारण अल्ब्युमिनने तो उतरलेला असतो. शेवटी ग्लुकोज ५ मिलिमोलर.

पेशी सुट्या करायच्या बफरमध्ये आम्ही २०० नॅनोमोलर अ‍ॅडेनोसिन मुद्दाम घालतो. ज्याला पुढे हाकलायचं तेच आधी का घालायचं, हा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. कापाकापी आणि ढवळाढवळीत पेशी बिथरतात आणि आपली चरबी आधीच उधळून बसतात. अ‍ॅडेनोसिनने त्या शांत राहतात. मोजणीच्या वेळी डीअमिनेज घातलं की सगळ्या नळ्या एकाच रेषेवरून सुरू होतात.

प्राणी म्हणजे विस्टार जातीचे नर रॅट, १८० ते २२० ग्रॅमचे, पोट भरलेले. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पुढचं काहीही नाही, आणि मंजूर संख्येपेक्षा एकही प्राणी जास्त नाही. मोठ्या, चरबीदार रॅटचा मोह टाळा. त्यांच्या पेशी फुगलेल्या असतात आणि हात लावताच फुटतात. वृषणाजवळच्या दोन्ही चरबीच्या पाकळ्या मिळून दीड-दोन ग्रॅम भरतात. रक्तवाहिन्यांचा भाग सोडून पातळ कडेची चरबी घ्या, कात्रीने बारीक करा, आणि ग्रॅमला ३ मिलिलिटर या हिशेबाने बफर, त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कोलॅजिनेज. भांडं प्लॅस्टिकचं. साध्या काचेला पेशी चिकटतात आणि फुटतात. ३७ अंशांच्या शेकर बाथमध्ये मिनिटाला शंभर-एकशेवीस हेलकावे, ३० ते ४० मिनिटं. विसाव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी डोळ्यांनी बघा. तुकडे विरून द्रव दाट ताकासारखा दिसला की थांबायचं. घड्याळावर विसंबून राहिलात तर पेशी जातील.

कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. त्यात ट्रिप्सिनसारखी ताकद जास्त असेल तर ते पेशीच्या अंगावरचे रिसेप्टरही तासून काढतं. पेशी दिसायला छान, गोल, पण आयसोप्रिनॅलिनला उत्तर देत नाहीत. म्हणून दोन-तीन लॉटचे नमुने मागवायचे, एकाच प्राण्याची चरबी वाटून तिन्ही तपासायचे, आणि जो चांगला निघेल तो वर्षभराचा एकदम घ्यायचा. इथे खर्चात हात आखडू नये.

मग २५० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळणं आणि तीन वेळा धुणं. चरबीच्या पेशी तरंगतात. बाकी सगळ्या पेशी तळाशी बसतात आणि या वर येतात, त्यामुळे सवयीचे हात उलटे चालवावे लागतात. मिनिटभर हळू फिरवा किंवा नुसतं ठेवून द्या, मग लांब सुईची सिरिंज पेशींच्या थरातून खाली नेऊन खालचा द्रव ओढून घ्या. धुतल्यावर पेशींच्या वर तेलाचा चकचकीत पिवळसर थर दिसला तर तेवढ्या पेशी फुटल्या. थोडासा असतोच. जाड असेल तर तो दिवस सोडून द्या, कारण फुटलेल्या पेशींतलं अ‍ॅडेनोसिन आणि एन्झाइम पुढे सगळं बिघडवतात.

नागपूरचं हवामान याच ठिकाणी आडवं येतं, तेही दोन्ही बाजूंनी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रयोगशाळेत गारठा असतो. धुण्याचा बफर बाथमधून काढून टेबलावर ठेवला की दहा मिनिटांत थंड होतो, पेशीतली चरबी घट्ट होऊ लागते आणि पेशी तडकतात. तेलाचा थर हिवाळ्यात जाड का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा कोलॅजिनेजमध्ये नसून टेबलावरच्या या बफरमध्ये असतं. बफरची बाटली बाथमध्येच ठेवायची, लागेल तेवढाच काढायचा. मे महिन्यात उलटं. पद्धतीच्या कागदावर ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याचं २२ अंश, आपलं एसी बंद पडला की ३६. आयसोप्रिनॅलिनचं द्रावण उजेडात आणि उष्णतेत गुलाबी पडतं, म्हणजे ते जळालं. ते जपायला एस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालावं असं पुस्तकात असतं, पण एस्कॉर्बिक अ‍ॅसिड ग्लिसरॉलच्या किटमधल्या पेरॉक्सिडेजचा रंगच खाऊन टाकतं आणि ग्लिसरॉल कमी दिसतं. आम्ही १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ते दर वेळी ताजं करतो, नळीला फॉइल गुंडाळतो, तासाभराने उरलेलं फेकतो. बर्फाच्या बादलीचंही तेच. मे अखेरच्या नवतप्यात अर्ध्या तासात पाणी, नळ्या तरंगून आडव्या. त्यापेक्षा भोकं पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा रात्री फ्रीझरमध्ये ठेवा आणि थर्मोकोलच्या पेटीत वापरा.

आता सगळ्यात नाजूक पायरी, पेशी नळ्यांत वाटणं. बाहेरून ही सगळ्यात सोपी दिसते. औषधाच्या मात्रा ०.१ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत, अर्ध्या लॉगच्या पायरीने, म्हणजे दर वेळी सुमारे तिप्पट, ११. प्रत्येकी तीन नळ्या म्हणजे ३३. वर नुसत्या पेशी, डीअमिनेजसह पेशी, डीअमिनेज आणि आयसोप्रिनॅलिन, आणि ए-१ अडवणारं डीपीसीपीएक्स घातलेल्या नळ्या. पन्नासच्या आसपास नळ्या होतात. प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर डीअमिनेज, ५० मायक्रोलिटर औषध आणि ४०० मायक्रोलिटर पेशींचं मिश्रण. मिश्रणात पेशींचं आकारमान १ ते २ टक्के. ते हेमॅटोक्रिटच्या केशनळीत फिरवून मोजायचं.

तरंगणाऱ्या पेशी पाच-सात सेकंदांत वर येतात. पिपेट घेऊन नळीकडे वळेपर्यंत भांड्यात वर दाट, खाली पातळ झालेलं असतं. पहिल्या नळीत शंभर पेशी गेल्या तर दहाव्या नळीत साठ, अशी गत होते, आणि मात्रा चढत्या क्रमाने लावलेल्या असतील तर ग्राफवर सुंदर उतरती रेघ येते. औषध न घालताही! ती रेघ पाहून आनंद करू नका. पेशींचं भांडं एका हाताने सतत हळू गोल फिरवत राहायचं, दुसऱ्या हाताने मध्यावरूनच ओढायचं. १ मिलिलिटरच्या टिपचं टोक कात्रीने चार-पाच मिलिमीटर कापून रुंद करायचं, नाहीतर अरुंद तोंडातच पेशी फुटतात. नळ्यांचा क्रम चिठ्ठ्या काढून मिसळायचा. आणि औषधाशिवायच्या तीन नळ्या सुरुवातीला, तीन मध्ये, तीन शेवटी ठेवायच्या. या नऊ नळ्यांतलं ग्लिसरॉल एकमेकांशी जुळलं नाही तर बाकी आकड्यांकडे बघूही नये. नव्या माणसाने औषध हातात घेण्याआधी किमान आठवडाभर नुसतं वाटण्याचा सराव करावा, हे आमचं ठाम मत आहे.

आयसोप्रिनॅलिन किती, यावर निकाल फिरतो. जास्तीत जास्त उत्तेजन दिलं तर आंशिक अ‍ॅगोनिस्ट हमखास दुबळा दिसतो, कारण पेशीतलं सायक्लिक एएमपी त्याच्या आवाक्याबाहेर चढलेलं असतं. म्हणून आधी नुसत्या आयसोप्रिनॅलिनचा आलेख काढा आणि कमाल प्रतिसादाच्या अर्ध्याच्या थोडं वर नेणारी मात्रा ठरवा. रोज तीच. औषध ज्यात विरघळवतो तो डीएमएसओ सगळ्या नळ्यांत सारखा, ०.१ टक्क्याच्या वर नाही. ३७ अंशांवर एक तास, मग थंड ठोकळ्यात, आणि सुईने पेशींखालचा १०० मायक्रोलिटर द्रव काढून ५४० नॅनोमीटरवर ग्लिसरॉल वाचायचं. नळीत ग्लिसरॉलच का मोजतो, तर फॅटी अ‍ॅसिड पेशी परत उचलून जोडतात, ग्लिसरॉल उचलण्याचं एन्झाइम त्यांच्यात जवळपास नाहीच. किती चरबी फुटली याचा खरा हिशेब तेच देतं.

सीपीए प्रत्येक दिवशी सोबत हवंच. ते नॅनोमोलर मात्रेत चरबी फुटणं पूर्ण थांबवतं. त्या दिवशी सीपीए चाललं नाही तर नव्या संयुगाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. डीपीसीपीएक्स घातल्यावर नव्या संयुगाचा आलेख उजवीकडे सरकला तरच परिणाम ए-१ मधून आला असं म्हणता येतं. सरकला नाही तर संयुग पेशीला विष होत असण्याची शक्यता आधी तपासा. मेलेली पेशीही ग्लिसरॉल सोडत नाही. प्राणी बदलून, वेगळ्या दिवशी, असं किमान तीन वेळा.

नळीतून प्राण्याकडे जाताना मोजायची गोष्ट बदलते. आता रक्तातलं मोकळं फॅटी अ‍ॅसिड आणि हृदयाचे ठोके, दोन्ही एकाच प्राण्यात, एकाच वेळी. फॅटी अ‍ॅसिड हा फार चंचल आकडा आहे. प्राण्याला जोरात पकडलं, शेजारच्या खोलीत ट्रॉली पडली, की पाच मिनिटांत चढतो. म्हणून आधी आठवडाभर रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, तसंच हाताळायचं. प्रयोगाच्या दिवशी चार ते सहा तास उपाशी. औषध अर्धा टक्का सीएमसीमध्ये (पूड तरंगत ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) खलून, किलोला ५ मिलिलिटर, तोंडाने. शेपटीच्या शिरेतून ०, १५, ३०, ६०, १२० आणि १८० मिनिटांना दीडशे मायक्रोलिटर. सहा वेळचं मिळून ०.९ मिलिलिटर होतं. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये सुमारे १६ मिलिलिटर रक्त असतं आणि त्याच्या दहा टक्क्यांच्या आत राहायचं, तेव्हा हे बसतं.

रक्त गोठू नये म्हणून ते ईडीटीएमध्येच घ्यायचं, हेपारिनमध्ये नाही. हेपारिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपेज सोडवतं आणि ते सुईतून प्राण्यात गेलं तर फॅटी अ‍ॅसिड खोटंच वाढतं. नळी ताबडतोब थंडात, वीस मिनिटांच्या आत प्लाझ्मा वेगळा. साध्या सेंट्रीफ्यूजमध्ये मे महिन्यात आतली हवा चाळिशी गाठते आणि फिरता फिरताच नळीत चरबी फुटत राहते. रेफ्रिजरेटेड यंत्र नसेल तर रोटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा.

प्राणिगृह २२ अंश, तीन वर-खाली. उन्हाळ्यात एसी बंद पडला की कोणीतरी कूलर आणून लावतो. भावना चांगली असते, पण कूलरने ओल चढते, पिंजऱ्यातला भुसा कुजतो, अमोनिया साचतो, आणि तापमान तरीही बावीसवर येत नाही. खोलीत कमाल-किमान तापमापी टांगा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. रात्री वीज गेल्याचं कुणी सांगत नाही, तापमापी सांगते. खोली काही तास तिशीच्या पुढे गेलेली असेल तर तो गट आठवडाभर तसाच विसावू द्या.

ठोके मोजण्यासाठी भूल देताना केटामिन-झायलॅझिनची जोडी घेऊ नका. झायलॅझिन स्वतःच हृदय मंद करतं, इन्शुलिन दाबून साखर चढवतं. ए-१ औषधाचा जो दोष शोधायचा तोच भुलीने आधी करून ठेवलेला असतो. आयसोफ्लुरेन बरं, त्याहून बरी टेलिमेट्री, म्हणजे त्वचेखाली बसवून ठोके बाहेर कळवणारं छोटं यंत्र. जाग्या रॅटचे ठोके मिनिटाला साधारण तीनशे ते साडेचारशे असतात. सोबत गुदद्वाराचं तापमानही घ्या. मेंदूतल्या ए-१ मुळे कुरतडणाऱ्या प्राण्यांचं अंग थंड पडतं, ते सुस्त होतात, आणि थंड पडलेल्या प्राण्याचे ठोके तसेही उतरतात. तापमान घेतलं नाही तर दोष हृदयाचा की मेंदूचा, सांगता येत नाही. सीपीए दिलेला प्राणी कोपऱ्यात पसरलेला दिसतो. जे संयुग फॅटी अ‍ॅसिड उतरवतं आणि तरी प्राणी पिंजऱ्यात फिरत, खात राहतो, त्याच्याकडे पुन्हा वळून बघावं.

ट्रायग्लिसराइड मोजताना आणखी एक फसगत. धंतोली-रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जे किट वापरतात तेच आम्हीही वापरतो. ते ट्रायग्लिसराइड फोडून त्यातलं ग्लिसरॉल मोजतं, रक्तातलं मोकळं ग्लिसरॉलही त्यातच धरतं. रुग्णाच्या रिपोर्टमध्ये याने सहसा बिघडत नाही. आमचं औषध मात्र मोकळं ग्लिसरॉलच कमी करतं! म्हणजे यकृताने व्हीएलडीएल एक थेंबही कमी केलं नसलं तरी ट्रायग्लिसराइड उतरल्यासारखं दिसेल. लायपेजशिवायचा रिएजंट वेगळा घेऊन मोकळं ग्लिसरॉल मोजायचं आणि वजा करायचं. प्रत्येक नमुन्यात.

माणसांवरच्या चाचणीची आखणी वाचतानाही हा रिसेप्टर विसरू नये. चहा-कॉफीतलं कॅफीन आणि दम्याचं थिओफिलिन दोन्ही त्यालाच अडवतात. अ‍ॅडेनोसिन देऊन हृदयाची स्ट्रेस टेस्ट करताना आदल्या दिवसापासून चहा बंद करायला सांगतात, तेही अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर मोकळे राहावेत म्हणूनच. सकाळी टपरीवर दोन कट मारून आलेल्या स्वयंसेवकाचं रीडिंग धरता येणार नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांनी यातून स्वतःसाठी काही शोधू नये. त्यांच्यासाठी फायब्रेट आहेत, भारतात २०१३ मध्ये मान्यता मिळालेलं सॅरोग्लिटॅझार आहे, आणि ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा वाट न बघता डॉक्टरकडे जावं.

शेवटची पायरी पुष्कळदा वेळेअभावी गाळली जाते: चौदा दिवस रोज औषध देऊन मग ते बंद करणं. रिसेप्टर सतत चेतवला की पेशी तो आत ओढून घेते आणि औषध लागू पडेनासं होतं. पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी तीच मात्रा, तेच सहा नमुने. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले की किती घसरण झाली ते दिसतं. त्याहून महत्त्वाचं, शेवटच्या मात्रेनंतर ६, १२ आणि २४ तासांनी पुन्हा रक्त घ्या. नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) वेगळ्या रिसेप्टरवरून पण याच जी-आय वाटेने चरबी आवरतं, आणि त्याचा अंमल ओसरला की फॅटी अ‍ॅसिड मूळ पातळीच्याही वर उसळतं. २०११ मध्ये एम-हाय आणि २०१४ मध्ये पंचवीस हजारांवर रुग्णांच्या एचपीएस-२ थ्राइव्ह चाचणीत स्टॅटिनसोबत दिलेल्या नायसिनने हृदयविकार कमी झाले नाहीत. चरबीचा आकडा उतरला म्हणजे रुग्णाचा फायदा झाला असं धरून चालणाऱ्यांनी हा इतिहास समोर ठेवावा. रात्री एकचा नमुना घ्यायला माणूस थांबत नाही, म्हणून औषध संध्याकाळी सातऐवजी सकाळी सातला द्या: सहा तासांचा नमुना दुपारी एकला, बारा तासांचा संध्याकाळी सातला आणि चोवीस तासांचा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडताच घेता येतो. फॅटी अ‍ॅसिड जेवण-झोपेसोबतही वर-खाली होतं, म्हणून औषधाशिवायच्या गटाचेही हे तीन नमुने त्याच घड्याळाला घ्यायचे.